आउट फॉर डिलिव्हरी

डहाणूजवळच्या सरावलीत नवे बूट आले की पहिली खबर कोंबड्यांना लागते. खोका उघडायचा तो अंगणात, भर उजेडात, मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर; आणि त्यातला पातळ कागद चुरचुरला की पाड्यातल्या कोंबड्यांना वाटतं, कुणीतरी दाणे टाकले. त्यांच्यामागून पोरं येतात, पोरांमागून म्हाताऱ्या. बुटांचा मालक कुणाकडे बघत नाही. तो पुतणीवर ओरडत असतो, "व्हिडिओ थांबवू नको गं! आधी सील दाखव, सील!"

या गृहस्थाला पाड्यावर सगळे 'ट्रॅकिंग' म्हणतात. आईबापांनी ठेवलेलं नाव रेशनकार्डावर आहे आणि आधारकार्डावरही आहे, दोन्हीकडे वेगवेगळ्या तऱ्हेनं. पण हाक कधीही मारा, हा मोबाइलवर पार्सल कुठवर आलं ते बघत असतो. "काय रे, जेवलास का?" तर उत्तर, "भिवंडी हबला आहे, गुरुजी."

असा प्राणी एकट्या सरावलीत आहे असं समजू नका. डहाणूपासून तलासरीपर्यंत कुठल्याही पाड्यावर एक तरी सापडतो. ओळखायचा कसा? पायांवरून नव्हे, मानेवरून. बाकीचे लोक रस्त्यानं चालताना समोर बघतात, हा खाली बघतो. पुढचं पाऊल कुठं पडणार याची त्याला चिंता असते. खड्ड्यात पडेल म्हणून नाही, शेणात पडेल म्हणून.

आमचा ट्रॅकिंग तारापूर एमआयडीसीत ठेकेदारामार्फत कामाला आहे. सकाळी डहाणू रोडला गाडी पकडायची, वाणगाव गेलं की बोईसर. कंपनीच्या फाटकातून आत गेलं की पायातले बूट लॉकरमध्ये आणि पायात कंपनीचे सेफ्टी शूज, पुढं लोखंडी वाटी बसवलेले. ते आठ तास. म्हणजे ज्या बुटांच्या हप्त्यासाठी माणूस राबतो, ते बूट दिवसभर अंधारात कुलुपात असतात आणि फुकटचे बूट कमावतात. हे मी त्याला एकदा बोलून दाखवलं. तो म्हणाला, "गुरुजी, म्हणून तर ते नवे राहतात."

पावसाळ्यात तर ते बूट पायानं चालतच नाहीत, हातानं चालतात. घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत चिखल. आवणीचे दिवस, बांधावरून पाणी वाहतं. ट्रॅकिंग रबरी चप्पल घालून निघतो. बूट दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत, त्या पिशव्या बॅगेत, बॅग छत्रीखाली आणि स्वतः पावसात. रस्त्याला लागला की बाटलीतल्या पाण्यानं पाय धुतो, मैलाच्या दगडावर बसून ते पुसतो, बोटांमधली जागासुद्धा, मग मोजे, मग बूट. चप्पल कुंपणात खोचून ठेवतो. त्या चपलेकडे आजवर कुणी वाकड्या नजरेनं पाहिलेलं नाही. तेवढ्यात टमटम येते. तिच्यात आधीच नऊ जण बसलेले असतात आणि अठरा पाय असतात. पुढचं मी सांगत नाही.

आता मापाकडे येऊ, कारण या माणसाचं अर्धं आयुष्य तिथं गेलं आहे.

ट्रॅकिंगच्या पावलाची लांबी 26.5 सेंटिमीटर आहे. त्याच्या आईला हे माहीत नाही, मला माहीत आहे, कारण पट्टी माझी होती. त्यानं सगळा विधी समजावून सांगितला. पाऊल सकाळी मोजायचं नाही, दिवसभर उभं राहून ते थोडं फुगतं, म्हणून संध्याकाळी. टाच भिंतीला टेकवायची. खाली कागद. पेन्सिल तिरपी धरायची नाही, आत शिरते. दोन्ही पावलं मोजायची आणि मोठं निघेल ते खरं धरायचं. मी शाळेत भूमिती शिकवली, पण एवढी काटेकोर आकृती माझ्या एकाही विद्यार्थ्यानं काढली नव्हती, यानंही नव्हती.

एवढं करून हाती आलं काय? 26.5 म्हणजे नाइकीच्या खोक्यावर यूके 7.5. तेच 26.5 आदिदासच्या खोक्यावर यूके 8. अमेरिकन नंबर दोघांचाही 8.5, युरोपी दोघांचाही 42. भांडण फक्त इंग्लंडच्या नंबरावर, आणि भारतात आपण बोलतो तो नंबर इंग्लंडचाच. "तुझा नंबर कितीचा?" या सरळ प्रश्नाला ट्रॅकिंग सरळ उत्तर देऊच शकत नाही. तो आधी विचारतो, "कंपनी कुठली?"

इंग्लिश मापात एका नंबरापासून पुढच्या नंबरापर्यंतचं अंतर जवाच्या एका दाण्याचं, म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा. युरोपी मापात तेच सेंटिमीटरचे दोन तृतीयांश. जवाच्या दाण्यावर मोजणं आपल्याकडेही होतं, आठ यवांचं एक अंगुळ. ट्रॅकिंगच्या बाबांना मी हे सांगितलं तेव्हा ते विडी विझवून म्हणाले, "आपल्याकडं जव पिकतो कुठं? साहेबानं भाताच्या दाण्यावर हिशोब धरला असता तर दाणा हातात घेऊन तपासून तरी बघितला असता." बाबांची स्वतःची पद्धत साधी आहे. डहाणूच्या बाजारात दुकानासमोर उभं राहायचं, पाय घालायचा, अंगठा बाहेर डोकावला तर पुढची जोडी मागायची. चूक झालीच तर दुकानदार तिथंच बसलेला असतो, तो कुठं जात नाही.

शिवाय लांबी जुळली म्हणजे बूट जुळला असंही नाही. दहावीपर्यंत हा पोरगा अनवाणी हिंडला, शेतात, नदीत, चिकूच्या वाडीत. त्यामुळं पाऊल पुढं पसरलेलं, पाचही बोटं मोकळी. परदेशी फरम्यावर बेतलेला बूट पुढं निमुळता होत जातो आणि करंगळीला वाटतं आपल्याला वाळीत टाकलं. हे एकट्या ट्रॅकिंगच्या करंगळीचं दुखणं नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं डिसेंबर 2021 ते मार्च 2022 या काळात देशभर 79 ठिकाणी 1,01,880 लोकांची पावलं यंत्रानं मोजली. निघालं ते हेच, की भारतीय पाऊल युरोपी-अमेरिकन पावलापेक्षा रुंद असतं. त्यावरून 'भा' नावाची देशी मापपद्धत सुचवली गेली, आठ नंबरांची, त्यात अर्ध्या नंबराची भानगडच नाही. ट्रॅकिंगला ही बातमी मीच दाखवली. वाचून तो गप्प झाला. अर्धा नंबर गेला तर मग आयुष्यात विचार कशाचा करायचा, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

मापाची सर्वांत मोठी शोकांतिका घडली ती अमेरिकन 8.5 वर. सवलतीत दिसले, शेवटची जोडी, घड्याळ उलटं धावतंय. त्यानं मागवून टाकले. आले ते बायकांचे. अमेरिकन मापात बायकांचा आणि पुरुषांचा नंबर एकच असला तरी पाऊल एक नसतं, नाइकीत दीड नंबराचा फरक पडतो, बायकांचा 8.5 म्हणजे पुरुषांचा 7. परत करायला गेला तर पडद्यावर ओळ उमटली की या पिनकोडवरून माल परत नेण्याची सोय नाही. सरावलीला बूट येऊ शकतात, सरावलीहून जाऊ शकत नाहीत. ते बूट आता त्याची बहीण घालून शेळ्या चारायला नेते. दहा हजारांचे बूट घालून शेळ्यांमागं धावणारी मुलगी पाहायची असेल तर संध्याकाळी पाचला या.

विक्रेत्यांचे त्याच्या लेखी तीन वर्ण आहेत. पहिला कंपनीचा स्वतःचा अ‍ॅप, तिथं किंमत खरी आणि माल कायम संपलेला. दुसरा मोठा बाजार, जिथं दुकान एकाचं आणि माल भलत्याचाच असतो. तिथं तो किंमत बघण्याआधी विक्रेत्याचं नाव, पत्ता आणि माल कुठल्या देशात बनला ते वाचतो. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार हे सगळं सांगणं बंधनकारक आहे, तक्रार केली तर 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल, हे त्याला पाढ्यासारखं तोंडपाठ आहे. सतराचा पाढा अजून येत नाही. ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर त्यानं मोबाइलमध्ये 'मावशी' नावानं ठेवला आहे, कारण फोन लावताना घरच्यांनी पाहिलं तर चौकशी होत नाही.

तिसरा वर्ण इन्स्टाग्रामचा. तिथं किंमत लिहिलेली नसते, निरोप पाठवून विचारावी लागते. मी त्यांचं बोलणं वाचलं आहे.

"भाऊ, ओरिजिनल आहे ना?"

"मास्टर क्वालिटी आहे ब्रो."

"म्हणजे ओरिजिनल?"

"ओरिजिनलपेक्षा भारी."

"बिल मिळेल?"

यानंतर समोरून निळ्या आकाशाखालचा बुटाचा आणखी एक फोटो येतो. परत घेणे नाही, बदलून मिळणे नाही, खोका उघडतानाचा सलग व्हिडिओ नसेल तर तक्रार ऐकणे नाही. अंगणातल्या त्या चित्रीकरणाचं मूळ इथं आहे. आतापर्यंतच्या सगळ्या व्हिडिओंत कोंबड्या आल्या आहेत आणि एकात तर बाबा मध्येच येऊन विचारतात, "नांगराचा फाळ आला का रे?" तो व्हिडिओ विक्रेत्यानं पुरावा म्हणून नाकारला.

पण या साऱ्याला पुरून उरलेली गोष्ट म्हणजे परदेशातून आलेली जोडी.

ती 2015 ची होती. बास्केटबॉलच्या कुठल्याशा खेळाडूच्या नावाची, आणि तेव्हापासून एकदाही कुणाच्या पायात न गेलेली. याच गुणामुळं महाग. 2023 साली अमेरिकेतल्या एका विक्रेत्याकडे ती दिसली: 150 डॉलर, वर पाठवणावळ 30. डॉलर 83 रुपयांच्या आसपास होता. ट्रॅकिंगनं हिशोब केला, 14,940. महिन्याच्या पगाराहून थोडे कमी. "इथं हीच जोडी पंचवीसला विकतात, गुरुजी. दहा हजार वाचले." वाचलेल्या पैशांवर हा माणूस किती खूश होतो ते पाहिलं की वाटतं, याला अर्थखात्यात घ्यावं.

अर्थखातं वाटेतच भेटलं. स्वतःसाठी मागवलेल्या पार्सलवर तेव्हा मूळ सीमाशुल्क होतं 35 टक्के, आणि ते लागायचं बुटांवर नव्हे, बूट अधिक पाठवणावळीवर. म्हणजे विमानाच्या भाड्यावरही कर. झाले 5,229. त्या शुल्कावर 10 टक्के समाजकल्याण अधिभार, आणखी 523. मग या सगळ्या बेरजेवर 28 टक्के एकात्मिक जीएसटी, 5,794. म्हणजे करावर कर, त्यावर पुन्हा कर. एकूण 11,546 रुपये, वर कुरिअर कंपनीची फी वेगळी, कारण तिनं आपल्या वतीनं सरकारात आधी पैसे भरले. टक्क्यांत सांगायचं तर 77.28. हा आकडा ट्रॅकिंगच्या आयुष्यात दहावीच्या टक्क्यांनंतरचा सर्वांत दुःखद आकडा आहे. दहावीचे कमी होते म्हणून, हा जास्त होता म्हणून.

त्याआधी त्यानं एक डाव टाकून पाहिला होता. विक्रेत्याला लिहिलं, डब्यावर 'गिफ्ट' असं घाल आणि किंमत वीस डॉलर दाखव. विक्रेता शहाणा, त्यानं नकार दिला. दिला नसता तरी उपयोग नव्हता. भेटवस्तू म्हणून पार्सल करमुक्त सोडवून घेण्याची वाट सरकारनं डिसेंबर 2019 मध्येच बंद केली. सूट उरली ती दोनच गोष्टींना: जीव वाचवणारी औषधं आणि राखी. तीही नुसती राखी, राखीबरोबरची भेट नव्हे. ट्रॅकिंगनं ही अधिसूचना दोनदा वाचली आणि माझ्याकडे असं पाहिलं की पुढचा प्रश्न काय असेल ते मी ओळखलं. मी सांगून टाकलं, "नाही. बूट मनगटाला बांधता येत नाहीत."

मग ओळखपत्राचं प्रकरण. पार्सल सोडवायला कागद हवेत आणि कागदावरचं नाव पार्सलवरच्या नावाशी जुळायला हवं. यानं मागवताना नाव घातलं होतं इन्स्टाग्रामचं, 'किंग' या शब्दानं संपणारं. सीमाशुल्क खात्याला त्या राजाचं आधारकार्ड हवं होतं. सरपंचाचा दाखला चालेल का, असं विचारायला तो ग्रामपंचायतीत जाऊन आला. ते मिटेपर्यंत ट्रॅकिंगच्या पडद्यावर एकच ओळ होती, सकाळी, दुपारी, रात्री, संडासला जाताना, लोकलच्या दारात लोंबकळताना. मध्ये वाणगावला कुणीतरी त्याच्या पायावर पाय दिला, तर त्याला कळलंही नाही. त्याच्या तब्येतीची काळजी मला तेव्हा वाटली.

पुढं 2025 च्या अर्थसंकल्पात बुटांच्या आयातीवरचं मूळ शुल्क 35 वरून 20 टक्क्यांवर आलं. ही बातमी घेऊन तो धावत माझ्याकडे आला. मी खालची ओळ वाचायला लावली. सोबत 18.5 टक्क्यांचा नवा उपकर होता, बेरीज जिथल्या तिथं, 38.5. आणि त्या उपकराचं नाव कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर. बाबा ओटीवर बसून ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे हा बाहेरचे बूट घेतो, त्याचा पैसा शेतीला येतो? मग आमच्या बांधाला कधी येणार?" या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्याच वर्षी 22 सप्टेंबरपासून अडीच हजारांपर्यंतच्या पादत्राणांवर जीएसटी 5 टक्के आणि वरच्यांवर 18 टक्के झाला, तेव्हा आईनं डहाणूला जाऊन स्वतःला चप्पल घेतली. सरकारी धोरणाचा लाभ घेतलेली त्या घरातली ती एकमेव व्यक्ती.

तर ती जोडी एकदाची सुटली आणि पोहोचली सरावलीला. फक्त ही सरावली नव्हे. एक सरावली बोईसरजवळ आहे, एक भिवंडीत आहे, तिथं तर एमआयडीसीही आहे. आणि ऑनलाइन मालाची निम्मी गोदामं भिवंडीतच, तेव्हा पार्सल गाडीतून उतरवलं आणि समोरच सरावली दिसली तर पोरगा डहाणूपर्यंत कशाला येतो? त्या दिवशी ट्रॅकिंगला फोन आला, "सर, मी सरावलीत उभा आहे, तुमचं घर कुठं?" ट्रॅकिंग धावत अंगणात, अंगणातून रस्त्यावर. "मीपण सरावलीत उभा आहे, तुम्ही कुठं?" दोघं तब्बल दहा मिनिटं एकमेकांना शोधत होते, मध्ये जवळजवळ शंभर किलोमीटर.

बूट आले, पण घातले गेले नाहीत. घालायला काही निमित्त हवं. कंपनीत नेऊन लॉकरमध्ये ठेवायचे नाहीत, टमटममध्ये नाहीत, पावसाळ्यात तर नाहीतच. ते माळ्यावर गेले. त्याच्या सगळ्या खोक्यांतून निघालेल्या सिलिकाच्या पुड्या गोळा करून त्यानं त्या जोडीभोवती रचल्या. माळ्यावर शेजारी बियाणं होतं. उंदरांनी बियाणं खाल्लं, बुटांना शिवले नाहीत. त्यानं हे माझ्याजवळ अभिमानानं सांगितलं.

मधल्या काळात दोन किरकोळ प्रकरणं झाली. एक वारली चित्रांच्या बुटांचं. उत्तरेतल्या कुणा विक्रेत्यानं कापडी बुटांवर वारली नक्षी छापून ती ऑनलाइन काढली होती. यानं मागवली. त्याची आत्या गंजाडची, ज्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांना वारली चित्रांसाठी 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. आत्या स्वतः भिंती लिहिते. तिनं बूट हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "तारपा उलटा धरलाय," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "आणि आमची माणसं बूट घालत नाहीत." खरंच आहे. त्या चित्रांत सूर्य आहे, बैल आहे, पालघाट देवी आहे, लग्न आहे. एकाही माणसाच्या पायात काही नाही आणि कुणाचं काही अडलेलं नाही.

दुसरं कोल्हापुरीचं. मामानं जोतिबाच्या यात्रेहून अस्सल कोल्हापुरी आणली होती, हिरड्यानं आणि बाभळीच्या सालीनं कमावलेल्या चामड्याची. ट्रॅकिंगनं ती बघूनच बाबांना देऊन टाकली, "हे म्हाताऱ्यांचं." आरंभी आठ दिवस ती बाबांच्या पायाला लागली, मग पाय तिला लागले. वाडीत, बाजारात, मयतीला, सगळीकडे तीच. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोत प्राडा कंपनीनं आपल्या पुरुष मॉडेलांच्या पायांत अगदी तशीच चप्पल घातली आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. किमतीचा आकडा बातम्यांत लाखाच्या पुढं झळकला. कोल्हापुरीला 2019 पासून भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्राचे चार जिल्हे, कर्नाटकाचे चार. मोठा गदारोळ उठला, कंपनीनं ही प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचं मान्य केलं, जुलैत तिची माणसं कोल्हापुरात येऊन गेली आणि डिसेंबरमध्ये महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकाचं लिडकर या सरकारी चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. 2,000 जोड, किंमत सुमारे 800 युरो.

सरावलीत या घडामोडीचा परिणाम एवढाच झाला, की एके संध्याकाळी ट्रॅकिंगनं बाबांच्या पायांतून कोल्हापुरी काढून घेतली. ओल्या फडक्यानं पुसली, तेल लावलं, फोटो काढला. बाबा अनवाणी बसून हे बघत होते. "किती सांगतात रे हिचे?" त्यांनी विचारलं. आकडा ऐकून म्हणाले, "मग दे विकून, बैल घेऊ."

गेल्या लग्नसराईत शेवटी निमित्त मिळालं. तलासरीकडं चुलतभावाचं लग्न. ट्रॅकिंगनं ती 2015 ची जोडी माळ्यावरून उतरवली, वधूपेक्षा जरा जास्तच जपून. मांडवात सगळ्यांनी बघितले. डीजे थांबला आणि मग तारपा सुरू झाला, कमरेत हात गुंफून फेर धरला गेला. दुसऱ्या फेरात त्याला डावी टाच हलकी वाटली. तिसऱ्या फेरात उजवी. एक म्हातारी खाली वाकली, काहीतरी उचललं आणि मोठ्यानं विचारलं, "कुणाच्या बुटातनं भाकरी पडली?"

तळवा आणि खालचं रबर यांच्यामधला पांढरा थर तुकडे होऊन मांडवभर पसरला होता. तो थर पॉलियुरेथेनचा असतो. हवेतला ओलावा त्यात शिरून त्याचे सांधे हळूहळू तोडतो, आणि उष्ण, दमट हवेत ते काम लवकर उरकतं. समुद्राकाठच्या डहाणूत आणखी काय होणार? गंमत अशी की बूट रोज घातला तर पावलाच्या दाबानं आतला ओलावा निघून जातो आणि तो जास्त वर्षं चालतो. पेटीत जपलेला आधी मरतो. ट्रॅकिंगनं फेर सोडला नाही, हे मात्र त्याच्या बाजूनं नोंदवलं पाहिजे. कमरेचा हात सोडला तर फेर तुटतो. तो तसाच नाचत राहिला, आधी रबरावर, मग मोज्यांवर.

दुसऱ्या दिवशी तो डहाणू स्टेशनबाहेरच्या बूट दुरुस्तीवाल्या काकांकडे गेला. मी बरोबर होतो. काकांनी बूट हातात घेतला, आत बोट घातलं, वास घेतला.

"किती दिवस घातला?"

"तीन तास."

"मग सोलचा दोष नाही," काका म्हणाले. "त्यानं पुष्कळ वाट बघितली."

त्यांनी उरलेला भुगा खरवडून काढला, जाड शीट कापून बसवली, सोल्युशन लावून उन्हात ठेवली आणि कडेनं आरीनं टाके घातले. कागद, पेन्सिल, भिंत, काहीच नाही. ट्रॅकिंगचं पाऊल मांडीवर घेऊन अंगठ्यानं दाबून पाहिलं, करंगळीकडं थोडी जागा सैल केली. 350 रुपये झाले. ट्रॅकिंग चार पावलं चालला, थांबला, परत चालला. करंगळी दुखत नव्हती. संध्याकाळी त्याच्या स्टेटसवर फोटो होता आणि खाली ओळ: जगात एकच जोडी. हे शंभर टक्के खरं आहे आणि त्यावर कुठलंही शुल्क लागत नाही.

ती जोडी आता तो रोज घालतो. टमटममध्ये, लोकलमध्ये, परवा तर चिखलातूनही आला. पण सुधारला म्हणाल तर तसं नाही. मोबाइल अजून हातातच असतो. आणि बाबांची कोल्हापुरी त्यांना अजून परत मिळालेली नाही. ती माळ्यावर आहे, सिलिकाच्या पुड्यांच्या रिंगणात, भाव वाढायची वाट बघत. बाबा वाडीत अनवाणी जातात. चामड्याची वहाण पायात राहिली तरच मऊ राहते, असं मी ट्रॅकिंगला सांगून थकलो. तुम्हाला तो डहाणू रोडच्या फलाटावर दिसला तर तुम्ही एकदा सांगून बघा. मान खाली घालून उभा असेल तोच.